शनीच्या वाटेवरचे लोणार

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर आणि शनीभोवती फिरणारा एन्सेलाडस नावाचा चिमुकला उपग्रह यांचे परस्परांशी काही नाते असेल, असे पन्नास वर्षांपूर्वी कोणी म्हटले असते, तर त्याची गणना कल्पनाविलासात झाली असती. आज ते नाते रसायनशास्त्राच्या भाषेत मांडता येते. एन्सेलाडसच्या बर्फाळ कवचाखाली समुद्र आहे आणि त्या समुद्राच्या पाण्यात मीठ व सोडा विरघळलेला आहे, असा निष्कर्ष 'कॅसिनी' या अंतराळयानाने केलेल्या मोजमापांतून निघाला. लोणारच्या पाण्याची ओळखही हीच आहे. आपल्यापासून किमान १२० कोटी किलोमीटर दूर असलेल्या त्या समुद्राविषयी जे प्रश्न जगभरातील शास्त्रज्ञ आज विचारीत आहेत, त्यांपैकी काहींची तालीम मेहकरपासून थोड्याच अंतरावर करता येण्याजोगी आहे. ही गोष्ट अभिमानाची खरीच. पण त्या अभिमानाला साजेसे आपण काय केले, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे.

एन्सेलाडसचा व्यास अवघा ५०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे मुंबई ते लोणार या अंतराहून फारसा अधिक नाही. एवढासा गोळा सूर्यापासून इतक्या दूर केव्हाच गोठून निश्चल झाला असेल, अशी समजूत होती. २००५ मध्ये कॅसिनीला त्याच्या दक्षिण ध्रुवाजवळील भेगांतून वाफ आणि बर्फकणांचे फवारे उसळताना आढळले. मग हे यान त्या फवाऱ्यांतूनच अनेकदा नेण्यात आले. कणांमध्ये सोडियमचे क्षार सापडले, वाफेत मिथेन सापडला, २०१७ मध्ये हायड्रोजन वायू असल्याचे जाहीर झाले. २०२३ मध्ये तर त्या कणांत फॉस्फेट असल्याचा शोध प्रसिद्ध झाला. फॉस्फरसवाचून आपल्या ओळखीचे जीवन संभवत नाही. पेशीतील आनुवंशिक द्रव्याचा तो एक आधारस्तंभ आहे. साध्या पाण्यात कॅल्शियम या फॉस्फेटला धरून तळाशी बसवतो. पाण्यात सोडा मुबलक असला, की कॅल्शियम चुनखडीच्या रूपाने बाजूला पडतो आणि फॉस्फेट पाण्यात विरघळलेले राहते. पृथ्वीवरील सोडा-सरोवरांत हेच घडते. एन्सेलाडसवर जीव आहे, असे यावरून कोणीही म्हणत नाही. जीवाला लागणारी शिदोरी तेथे आहे, इतकेच आज सांगता येते. आणि तेवढेही थोडके नाही.

आता लोणारकडे वळू. दख्खनच्या काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसाल्टवर, एक अशनी येऊन आदळला आणि सुमारे १,८०० मीटर व्यासाचे, दीडशे मीटर खोलीचे विवर निर्माण झाले. बेसाल्टमध्ये अशनिपाताने झालेली विवरे पृथ्वीवर बोटांवर मोजण्याइतकी आहेत आणि लोणार हे त्यांतील सर्वांत चांगले टिकलेले. त्याचे वय किती, याविषयी मतभेद आहेत. एका पद्धतीने ते सुमारे ५२,००० वर्षे निघते, तर दुसऱ्या, अलीकडच्या पद्धतीने सुमारे ५,७०,००० वर्षे. या विवरात पाणी येते, पण बाहेर जाण्यास वाट नाही. खडकातून झिजून आलेले क्षार उन्हाने आटत जाणाऱ्या पाण्यात साठत राहिले आणि त्याचा सामू १० च्या आसपास पोहोचला. एके काळी येथला सोडा काढून विकला जाई; डल्ला, पापडी अशी त्याच्या प्रतींना नावे होती. साध्या माशाला मानवणार नाही अशा या पाण्यात सूक्ष्मजीवांची मोठी वस्ती आहे. मिथेन निर्माण करणारे आणि मिथेनवर जगणारे, असे दोन्ही प्रकार येथल्या गाळात संशोधकांना आढळले आहेत. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याचा तो परिणाम असल्याचे दाखवून दिले.

लोणार म्हणजे एन्सेलाडस नव्हे, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. लोणारला विदर्भाचे ऊन आहे, त्या समुद्रावर किलोमीटरच्या किलोमीटर जाडीच्या बर्फाचे झाकण आहे आणि आत अखंड अंधार आहे. तरीही सोड्याच्या पाण्यात जीव कसा तगतो, आपल्या कोणत्या खुणा मागे ठेवतो आणि त्या खुणा यंत्राने कशा ओळखाव्यात, हे शिकण्यासाठी अशीच ठिकाणे लागतात. दूरच्या ग्रहांवर माणूस इतक्यात जाणार नाही. जाणार ती यंत्रे. त्या यंत्रांना काय शोधायचे ते शिकवून पाठवावे लागते आणि हे शिकवणे पृथ्वीवरच होते.

ही यंत्रे पाठवणे किती कठीण आहे, याची कल्पना आपल्याकडे क्वचितच दिली जाते. गुरूपाशी सूर्यप्रकाश पृथ्वीच्या सत्ताविसाव्या हिश्श्याइतका उरतो, शनीपाशी नव्वदाव्या. म्हणून शनीपलीकडच्या यानांना प्लुटोनियमच्या उष्णतेवर वीज तयार करावी लागते. शनीवरून निघालेला संदेश पृथ्वीवर येण्यास सुमारे ८० मिनिटे लागतात. 'डावीकडे वळ' हा आदेश पोहोचेपर्यंत वळण केव्हाच मागे पडलेले असते. यानाने आपले संकट आपणच ओळखून आपणच निस्तरावे, अशी व्यवस्था त्याच्यात आधी भरावी लागते. शिवाय इतके लांब थेट जाण्याएवढे इंधन नेता येत नाही. वाटेतील ग्रहाजवळून नेमक्या कोनाने जाऊन त्याच्या गतीचा अंश उसना घ्यावा लागतो. कॅसिनीने शुक्राचा दोनदा, पृथ्वीचा एकदा आणि गुरूचा एकदा असा आधार घेतला, तेव्हा कोठे १९९७ मध्ये निघालेले ते यान २००४ मध्ये शनीपाशी पोहोचले. त्याच्याआधी गुरूकडे निघालेल्या 'गॅलिलिओ' यानाची मुख्य अँटेना १९९१ मध्ये उघडलीच नाही. शास्त्रज्ञांनी हाय खाल्ली नाही. लहान अँटेनातून, माहितीचा संक्षेप करून, त्यांनी ती मोहीम वर्षानुवर्षे चालवून दाखवली. जुलै १९९४ मध्ये शूमेकर-लेव्ही धूमकेतूचे तुकडे गुरूवर आदळताना वाटेवर असलेल्या याच यानाने प्रत्यक्ष टिपले. लोणारला एकदा घडले ते गुरूवर आठवडाभर घडत होते आणि माणसाचे यंत्र साक्षीला होते.

या सर्व कथेचे सार तंत्रज्ञानापेक्षा काळाच्या हिशेबात आहे. कॅसिनीची कल्पना १९८२ ची. उड्डाण १९९७ चे, शनीवर आगमन २००४ चे. त्याच्यासोबत गेलेले युरोपचे 'हायगेन्स' हे यान १४ जानेवारी २००५ रोजी टायटन या उपग्रहावर उतरले. १५ सप्टेंबर २०१७ रोजी कॅसिनीचा अंत झाला आणि त्याने पाठवलेल्या माहितीतून फॉस्फेटचा शोध लागला तो २०२३ मध्ये. म्हणजे बीज पेरल्यापासून हे एक फळ हाती येण्यास ४१ वर्षे लागली. ज्यांनी पहिला आराखडा मांडला, त्यांतील अनेक जण दरम्यान निवृत्त झाले, काही जग सोडून गेले. काम थांबले नाही, कारण ते व्यक्तीचे नव्हते, संस्थेचे होते. सरकारे बदलली, मंदी आली आणि गेली, पण घेतलेले व्रत मोडले नाही. बाह्य ग्रहांचा वेध घेणे म्हणजे आपण ज्याची सावली उपभोगणार नाही, असे झाड लावणे होय.

'व्हॉयेजर'चे उदाहरण याहून बोलके आहे. १९७७ मध्ये सोळा दिवसांच्या अंतराने निघालेली ही दोन याने गुरू आणि शनीपाशी गेली. त्यांतील दुसरे १९८६ मध्ये युरेनसपाशी व १९८९ मध्ये नेपच्यूनपाशी गेले. त्या दोन ग्रहांची भेट त्याच्यावाचून आजवर कोणीही घेतलेली नाही. दोन्ही याने आता सूर्याचा प्रभावपट्टा ओलांडून तारकांमधल्या प्रदेशात आहेत. पहिल्याच्या संदेशाला आपल्यापर्यंत येण्यास जवळजवळ एक पूर्ण दिवस लागतो. या यानांवरील सोनेरी ध्वनिमुद्रिकेत पंचावन्न भाषांतील अभिवादने आहेत आणि त्यांत मराठी आहे. तीत भारतीय संगीताचा एकच नमुना आहे, तो केसरबाई केरकर यांच्या भैरवीचा. गोव्यातील केरीत जन्मलेल्या या थोर गायिकेचे निधन १६ सप्टेंबर १९७७ रोजी झाले, पहिल्या व्हॉयेजरच्या उड्डाणानंतर अवघ्या अकरा दिवसांनी. त्यांचा स्वर आज मानवाने पाठवलेल्या सर्वांत दूरच्या वस्तूवर स्वार आहे. मराठी मनाने याचा आनंद मानावा. पण हेही विसरू नये, की स्वर आपला होता, वाहन दुसऱ्याचे होते.

वाहन आपले केव्हा होणार? भारताच्या अंतराळ कार्यक्रमाला कमी लेखण्याचे कारण नाही. २००८ चे चांद्रयान, २०१४ मध्ये पहिल्याच प्रयत्नात मंगळाच्या कक्षेत पोहोचलेले आणि सहा महिन्यांसाठी पाठवलेले असता जवळजवळ आठ वर्षे टिकलेले मंगळयान, २०१९ चे अपयश पचवून २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्राच्या दक्षिण ध्रुवप्रदेशाजवळ उतरलेले चांद्रयान-३, सूर्याचा अभ्यास करणारे आदित्य-एल१ ही सारी कामगिरी जगाने मान्य केली आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने चांद्रयान-४ आणि शुक्राच्या मोहिमेस मंजुरी दिली. परंतु मंगळापलीकडे, गुरू-शनीच्या दिशेने जाणारी मोहीम आपल्या मंजूर यादीत नाही. युरोपचे 'ज्यूस' २०२३ मध्ये निघाले असून २०३१ मध्ये गुरूपाशी पोहोचायचे आहे. अमेरिकेचे 'युरोपा क्लिपर' २०२४ मध्ये निघाले, ते २०३० मध्ये पोहोचायचे आहे. टायटनवर उडणारे 'ड्रॅगनफ्लाय' २०२८ मध्ये सोडण्याचे नियोजन आहे. चीनने गुरूकडे जाण्याचा आपला इरादा केव्हाच जाहीर केला आहे. आज निर्णय घेतला, तरी आपले यान तेथे पोहोचण्यास पंधरा-वीस वर्षे लागतील. विलंबाचे प्रत्येक वर्ष पुढच्या पिढीच्या खात्यावर पडते.

साधने अगदीच नाहीत, असेही नाही. गुरूपर्यंत तर अणुऊर्जेवाचूनही जाता येते. अमेरिकेचे 'जुनो' २०१६ मध्ये केवळ सौर पंखांच्या बळावर तेथे पोहोचले. म्हणजे पहिला टप्पा गुरूचा ठेवणे व्यवहार्य आहे. शनीसाठी किरणोत्सारी ऊर्जास्रोत लागेल. त्या दिशेने पहिले छोटे पाऊल म्हणून चांद्रयान-३ च्या प्रणोदन विभागावर भाभा अणुसंशोधन केंद्राने तयार केलेली दोन लहान उष्णता-एकके पाठवण्यात आली होती. दूरचा क्षीण संदेश ऐकण्यासाठी बंगळूरजवळ ब्यालालू येथे ३२ मीटर व्यासाची अँटेना आहे. आणि आपल्या महाराष्ट्रात, नारायणगावजवळच्या खोडद येथे, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये युरोपचे 'स्कियापारेली' हे यान मंगळावर उतरत असताना त्याचा मंद संदेश याच दुर्बिणीने ऐकला होता. कान आपल्याकडे आहेत, हात तयार होत आहेत. उणीव आहे ती तीस-चाळीस वर्षे एकाच ध्येयाला चिकटून राहण्याच्या राष्ट्रीय निश्चयाची.

येथे एक आक्षेप येईल आणि तो टाळून चालणार नाही. ज्या जिल्ह्यात कापूस आणि सोयाबीनचा शेतकरी कर्जाच्या ओझ्याखाली आहे, ज्या विदर्भाने शेतकऱ्यांच्या आत्महत्या पाहिल्या, तेथे उभे राहून शनीच्या गोष्टी कसल्या करता? प्रश्न रास्त आहे. गुरूवर यान गेल्याने सोयाबीनला भाव मिळणार नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. मंगळयानाला सुमारे ४५० कोटी रुपये लागले. देशाच्या अर्थसंकल्पात हा आकडा शोधावा लागतो. शेतकऱ्याच्या दैन्याची कारणे बाजारात, सिंचनात आणि धोरणात आहेत आणि त्यांचा झगडा तेथेच लढला पाहिजे. यान रद्द केल्याने तो जिंकला जाणार नाही. उलट, हवामानाचा आणि पिकांचा वेध घेणारे जे उपग्रह आज शेतकऱ्याच्या उपयोगी पडतात, तेही एके काळी चैनच मानले गेले होते.

शिवाय हा विचार आपल्या मातीला नवा नाही. बुलढाण्याच्या शेजारच्या खानदेशात, चाळीसगावजवळ पाटण येथे, इ.स. १२०७ चा एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांचे अध्यापन अखंड चालावे, म्हणून तेथे मठ स्थापन केला, त्याची ही नोंद. लेखाचा शेवटचा भाग मराठीत आहे आणि बाजारात येणाऱ्या मालातून, तेलाच्या घाण्यांतून या मठासाठी किती हिस्सा द्यायचा, ते त्यात नमूद आहे. ग्रहगणित शिकवणारी शाळा गावच्या तेली-वाण्यांच्या वाट्यातून चालत होती! आठशे वर्षांपूर्वीच्या समाजाला आकाशाचा अभ्यास हा पोट भरल्यानंतरचा छंद वाटला नाही. देवळाच्या दिव्याइतकेच त्याचे तेल त्याने आवश्यक मानले. आपल्याकडे पूर्वजांच्या ज्योतिषशास्त्राचा गौरव पुष्कळ होतो. त्यांनी काय शोधले ते आपण अभिमानाने सांगतो. ते शोध टिकावेत म्हणून नातवाने काय केले, ते मात्र सांगत नाही. खरा वारसा नातवाच्या त्या कृतीत आहे.

लोणारबाबत हीच कसोटी लावली, तर चित्र समाधानाचे नाही. स्थळपुराण सांगते, की लवणासुराचा वध भगवान विष्णूंनी येथे केला. गावातील दैत्यसूदनाचे शिल्पसमृद्ध मंदिर त्याची साक्ष देत उभे आहे. ही जागा चारचौघींसारखी नाही, हे आपल्या पूर्वजांनी ओळखले होते आणि श्रद्धेच्या भाषेत जपले होते. पण तिचे शास्त्रीय मोल प्रथम नोंदवले ते परक्यांनी. १८२३ मध्ये अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने सरोवराकडे लक्ष वेधले, १८९६ मध्ये गिल्बर्ट या अमेरिकी भूवैज्ञानिकाने ॲरिझोनातील विवराशी त्याचे साम्य सांगितले. १९७३ मध्ये अमेरिकेची स्मिथसोनियन संस्था व भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण यांच्या शास्त्रज्ञांनी मिळून, आघाताने काच झालेल्या खनिजांच्या आधारे हे अशनिविवरच असल्याचे निर्विवाद केले. नोव्हेंबर २०२० मध्ये ते रामसर स्थळ ठरले. मानसन्मान मिळाले, पण वर्षानुवर्षे गावाचे सांडपाणी या विवराच्या दिशेने वाहत राहिले, उतारावर वेडी बाभूळ फोफावली, प्राचीन देवळे पडझडीला लागली आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला पुनःपुन्हा लक्ष घालावे लागले. गोडे आणि घाण पाणी मिसळत गेले, तर सोडा पातळ होईल, सूक्ष्मजीवांची ती दुर्मिळ वस्ती बदलून जाईल आणि मग उरेल ते एक साधे तळे.

या पार्श्वभूमीवर कॅसिनीचा शेवट आठवावा. इंधन संपत आले, तेव्हा ते यान भरकटून कधी काळी एन्सेलाडसवर आदळले, तर त्याला चिकटून आलेले पृथ्वीवरचे जंतू त्या समुद्रात शिरतील, अशी शंका शास्त्रज्ञांना आली. शंका अगदी अंधुक होती. तरीही तीन अब्ज डॉलरहून अधिक खर्चाच्या त्या मोहिमेचे यान त्यांनी हेतुपुरस्सर शनीच्या वातावरणात लोटून जाळून टाकले. तत्पूर्वी २००३ मध्ये गॅलिलिओलाही गुरूमध्ये अशीच समाधी देण्यात आली होती. कोणीही पाहिलेले नाही असे पाणी निर्मळ राहावे, म्हणून माणसांनी एवढे केले. आणि आपण, जे पाणी रोज डोळ्यांसमोर आहे, ज्याच्या काठी कमळजा देवीचे ठाणे आहे, त्याला तीर्थ म्हणतो आणि त्याच्याकडे गटार वळवतो. पावित्र्याची कल्पना आपण जगाला शिकवतो. तिचे आचरण कोणाकडून शिकावे लागेल, याचा विचार अंतर्मुख होऊन करण्याची वेळ आली आहे.

म्हणून मागण्या दोन आहेत आणि त्या एकमेकींना धरून आहेत. गुरूच्या दिशेने जाणारी मोहीम भारताने आपले दीर्घकालीन राष्ट्रीय कार्य म्हणून जाहीर करावी आणि तिच्यासाठी पुढच्या तीस वर्षांचा, पक्षोपपक्षांच्या पलीकडचा आराखडा असावा. आणि लोणारला कायमस्वरूपी संशोधन केंद्र व्हावे, जेथे विवराचे भूशास्त्र, सोड्याच्या पाण्यातील जीवसृष्टी आणि तिचा वेध घेणारी यंत्रे यांचा अभ्यास एकत्र चालेल. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठातील विद्यार्थ्यांना तेथे पहिला मान असावा. सांडपाणी पूर्णपणे वळवणे ही या केंद्राची पायाभरणी समजावी. ज्या संताचे नाव विद्यापीठाला आहे, त्याने हातात खराटा धरून हाच धडा दिला होता.

सरकारवर सर्व सोपवून मोकळे होणे मात्र आपल्या परंपरेत बसत नाही. शेगावला दर्शनाला येणारी, सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मस्थानी माथा टेकणारी हजारो कुटुंबे लोणारच्या काठावरही येतात. पालकांनी तेथे मुलांना विवर नीट दाखवावे, ते कसे झाले ते सांगावे. शनीच्या चंद्राखालीही अशाच सोड्याचा समुद्र आहे, हेही सांगावे. ठिकठिकाणच्या कार्यकर्त्यांनी शाळांच्या सहली तेथे न्याव्यात, काठावरील कचरा उचलावा, नगरपालिकेकडे सांडपाण्याचा पाठपुरावा नेटाने करावा. एन्सेलाडसवर उतरणारे यान भारताचे असेल की नाही, हे आज लोणारच्या शाळेत पाटीवर अक्षरे गिरवणाऱ्या मुलीच्या वयाची पिढी ठरवील. तिच्या हाती आपण निर्मळ सरोवर, चांगली प्रयोगशाळा आणि पूर्ण करण्याजोगा एक संकल्प देणार आहोत काय, याचे उत्तर आपल्याला द्यायचे आहे. चांगदेवाने आजोबांसाठी शाळा काढली. आपल्याला ती नातवंडांसाठी काढावयाची आहे.